विश्लेषण : शाहिराचे गाणे ‘पारंपरिक’ कसे होऊन जाते?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. गावोगावी रात्री दंडार आणि खडी गंमत रंगते. खडी गंमतीचा शाहीर ढोलकी, डफ, तुणतुण्याच्या साथीने बरेचदा स्वतःच रचलेले गाणे म्हणतो. इंग्रजीत अशा कलावंताला ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात. त्याची गाणी आता मोबाइलवरही ऐकायला मिळतात, पण गीतकाराच्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द असतो, ‘पारंपरिक’. कुणी उद्या या गाण्यांचा व्हायोलिन-बासरीसह अल्बम करायला घेतला, तर खरी अडचण इथूनच सुरू होईल.

शाहिराचे नाव गाण्यात नसते का?

असते. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले किंवा गुरूचे नाव गुंफतो. कागद नव्हता तेव्हा मालकीची नोंद हीच होती. पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये मुखडा राहतो आणि शेवटचे कडवे कापले जाते. ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षरी ‘आयएसआरसी’ क्रमांकही फक्त त्या मुद्रणाची ओळख पटवतो. शब्द कुणाचे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ही तीन वेगळी कामे आहेत. चाल जुनी, परंपरेतली असली तर तिच्यावर कुणाचा दावा नाही, पण शाहिराने त्यावर बांधलेले शब्द त्याचेच राहतात. हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहून घेऊनही निर्मात्याला काढून घेता येत नाही. अर्थात, गीतकार कोण हेच नोंदलेले नसेल तर हा वाटा द्यायचा कुणाला? ‘पारंपरिक’ हा शब्द दिसायला आदराचा, पण व्यवहारात तो शाहिराचा खिसा रिकामा करतो.

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवावी. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा विरह तीत आहे. अण्णा भाऊंचे १९६९ मध्ये निधन झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. नाव छापले गेले, म्हणून हा हिशेब तरी मांडता येतो.

वाद्यवृंद घातला तर लोकगीत बिघडते का?

बिघडलेच पाहिजे असे नाही. त्याच १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये निक ड्रेक या तरुण गायक-गीतकाराचा ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ हा अल्बम आला. एक गिटार, कानाशी बोलावे तसा आवाज आणि मागे व्हायोलिन-चेलोंचा ताफा. पहिल्यांदा नेमलेल्या संयोजकाचे काम ड्रेकला पसंत पडले नाही. मग त्याने केंब्रिजमधला मित्र रॉबर्ट कर्बी याला आणले. त्याची वाद्ये आवाजाला जागा देतात, त्याच्यावर चढत नाहीत. तेव्हा अल्बमच्या पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत. ड्रेक २६ व्या वर्षी गेला. श्रोते नंतर, काही दशकांनी वाढले, आणि त्यांना गाणे कुणाचे हे शोधत बसावे लागले नाही.

आपल्याकडे स्टुडिओत आधी मेट्रोनोमची टिकटिक लावून ताल पक्का करतात आणि गायकाला त्यावर बसवतात. काम सोपे होते, खर्च वाचतो. पण शाहीर ओळ लांबवतो, मध्येच थांबतो, श्रोत्यांकडे बघून पुढचा शब्द सोडतो. ती टिकटिक हे सगळे खाऊन टाकते. शिवाय मंडईत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची त्याला सवय असते. मायक्रोफोन जवळ आला की हाच गळा हळू गाऊ शकतो आणि विरहाचे गाणे तसेच ऐकावे. त्यामुळे वाद्ये नंतर भरावीत, आधी शाहीर आणि ढोलकीवाला एकत्र बसवून मुद्रण करावे. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीवर मोठे काम केले आहे, तेव्हा शब्द तपासून घ्यायला आधार नाही असेही नाही.

मग करायचे काय?

मुद्रणाआधी एक कागद पुरतो. शब्द कुणाचे, चाल कुणाची की जुनी, वाद्यसंयोजन कुणाचे, वाटा किती. खाली सह्या, आणि एक प्रत शाहिराच्या घरी. गाणे अपलोड करताना हीच नावे भरायची आणि शेवटचे कडवे कापायचे नाही.