विजेलाही काटा हवा



गाळप हंगामात उसाची गाडी काट्यावर चढली की आपला जीव त्या काट्याकडे लागलेला असतो. क्विंटलभर इकडंतिकडं झालं तर आपण वजनपावती घेऊन थेट शेतकी ऑफिस गाठतो, आणि तो आपला हक्कच आहे. परंतु त्याच उसाला पाणी देणारी वीज किती आली, किती वापरली, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येणार नाही. कुणाचं बिल पंपाच्या अश्वशक्तीवर, तर कुणाचा मीटर बंद आणि आकडा अंदाजाचा.

ही ठोक आकारणी सत्तरीच्या दशकात आली. वाडीवस्तीवर फिरून मीटर वाचणं वीज मंडळाला जड जात होतं, आणि आपल्यालाही ती सोयीची वाटली. पण मोजमाप गेलं की हिशेब जातो. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं! तारांतली गळती आणि चोरी 'शेतीचा वापर' या रकान्यात दडते, हा आक्षेप पुण्याच्या प्रयास संस्थेने वर्षानुवर्षे मांडला आहे. वीज भलत्यानेच खायची आणि नाव मात्र शेतकऱ्याचं लागायचं.

मधल्या काळात सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. 1999 साली राज्य वीज नियामक आयोग आला. 2003 च्या कायद्यानंतर 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, आणि वाटपाचं काम महावितरणकडे आलं. पाट्या बदलल्या, बांधावरचा हिशेब होता तिथंच राहिला.

आपली कित्येकांची मुलं नोकरीसाठी भाईंदरच्या नवघरसारख्या भागात राहतात. तिथली वीज आधी बीएसईएसची, मग रिलायन्सची आणि 2018 पासून अदानीची. मालक बदलले, तरी दिवा चालूच आहे, कारण तिथं घरोघरी मीटर आहे आणि युनिटामागे पैसा वसूल होतो. इकडे आपल्याला पाळीने ठरावीक तास वीज. पाळी रात्रीची आली की बिबट्याच्या भीतीत दारं धरायची!

म्हणून सगळं खासगी करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. आणि नुसतं सहकारी करूनही भागत नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था 1969 साली निघाली. सभासदांची स्वतःची वीज संस्था, केवढा अभिमान! परंतु थकबाकी वाढत गेली, आणि 2011 साली तिचं वाटप महावितरणकडे गेलं. घेताना वीज मोजून घ्यायची आणि देताना अश्वशक्तीवर द्यायची, हा व्यवहार कोणत्याही संस्थेला पेलत नाही.

आता मात्र तंत्र बदललं आहे. डीपीवरचा मीटर आकडे आपोआप पाठवू शकतो. साखर कारखाने बगॅसवर वीज करून विकतात. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच युनिटामागे 3 रुपयांच्या आसपास दिवसाची वीज तयार होते. विजेचा गिऱ्हाईक तोच विजेचा उत्पादक, असे दिवस आले आहेत.

मीटर बसला की बिल वाढेल, ही भीती खोटी नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 च्या योजनेने मार्च 2029 पर्यंत वीज मोफत आहे. पण मोफत म्हणजे फुकट नव्हे; आपल्या नावावर सरकार पैसे भरतं. ते किती युनिटांचे? उद्या योजना संपली आणि बिल आलं, तर कोणता आकडा हातात घेऊन भांडणार?

म्हणून येत्या वार्षिक सभेत ठराव व्हावा. एक, आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक कृषी वाहिनीचा आणि डीपीचा मीटर चालू असावा. दोन, त्याचे आकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. तीन, सभासदांच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारण्याचा विचार कारखान्याने करावा, आणि त्याचा हिशेब सभेपुढे ठेवावा.

काटा चोख असेल तरच भावाची भाषा करता येते. उसाच्या बाबतीत हे आपण भांडून शिकलो. विजेच्या बाबतीतही तेच करू या.