धन आले, मान कोठे आहे?



आपल्या वस्तीतील तरुण अमेरिकेतील काळ्या गायकांची रॅप गाणी तासन् तास ऐकतो, आणि घरातील वडीलधारी माणसे 'हा कसला धांगडधिंगा!' म्हणून कपाळाला आठ्या घालतात. या दोघांचीही चूक होत आहे, हे स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. वडीलधाऱ्यांनी विसरू नये की, आपल्याला जागे केले ते आंबेडकरी जलशानेच. कोणा दरबारी गायनशाळेने नव्हे. आणि तरुणांनी विसरू नये की, ताल धरणे म्हणजे बोध घेणे नव्हे.

जे-झी या गायकाचेच उदाहरण घ्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्क शहरी कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच शहराच्या ब्रुकलिन भागातील एका सरकारी गरीब वसाहतीत हा वाढला. तरुणपणी त्याने मादक द्रव्ये विकली, हे तो स्वतःच सांगतो. १९९६ साली त्याचा पहिला आल्बम निघाला, आणि ३० जून २०१७ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, तेरावा. त्याचे नाव '४:४४'. यात दहा गीते आहेत. पत्नीशी केलेल्या प्रतारणेची कबुली त्याने यात जगासमोर दिली आहे. पंचशील घेतलेल्या आपण माणसांनी त्या प्रामाणिकपणाची कदर अवश्य करावी.

परंतु आपला प्रश्न निराळा आहे. या आल्बममधील एका गीतात ओ. जे. सिम्प्सन या प्रसिद्ध फुटबॉलपटूचा दाखला आहे. कीर्ती आणि पैसा मिळाला म्हणजे काळेपणा गळून पडतो, ही त्याची समजूत कवीने तेथे उघडी पाडली आहे. काळा मनुष्य श्रीमंत असो की गरीब, जगाच्या नजरेत तो काळाच राहतो, हे निदान अचूक आहे. रोग ओळखला, पण औषध कोणते सांगितले? मालमत्ता विकत घ्या, भाव वाढणारी चित्रे घ्या, पैसा मुलाबाळांना ठेवून जा! अखेरचे गीतही वारशाचेच आहे.

येथेच आमचा विरोध आहे. ज्या गीतात पैशाने वर्ण पुसला जात नाही असे म्हटले, त्याच गीतात पैसा हाच तरणोपाय कसा ठरतो?

आम्ही धनाचे वैरी नव्हे. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटकाळासाठी. सन्मार्गाने मिळविलेल्या धनाला धम्मात निषेध नाही. मात्र धन हे साधन आहे; हक्क संघटनेने मिळतो. अमेरिकेतील काळ्या जनतेचाच इतिहास पाहा. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी तिने बसगाड्यांवर बहिष्कार घातला. घरकाम करणाऱ्या मोलकरणी ३८१ दिवस पायी चालल्या, आणि न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील भेदभाव मोडला. त्यांच्यापाशी इमारती नव्हत्या, तिजोऱ्या नव्हत्या, एकजूट होती. तो लढा चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या चरणी नेले. त्या मैदानावर जमलेल्यांत धनिक किती होते? महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली प्यालेल्यांत सावकार किती होते?

आता अंतर्मुख व्हा. आपल्यातही ओ. जे. निपजत आहेत. नोकरी लागली, सदनिका झाली, की आडनाव बदलावयाचे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत न्यावयाची. जयंतीची वर्गणी द्यावयाची, पण मिरवणुकीत दिसावयाचे नाही! असा मनुष्य धनवान होईल. स्वाभिमानी होणार नाही. ज्या दिवशी कोणी त्याची जात शोधून काढील, त्या दिवशी ती सदनिका त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही.

वाचकहो, मुलांना ती गाणी ऐकू द्या. पण शेजारी बसा आणि विचारा, 'याचे कोणते म्हणणे खरे, कोणते अपुरे?' तथागतांनी कालाम लोकांना तपासून घेण्याचीच शिकवण दिली. मिळकतीतून वस्तीतल्या एका विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा वाटा काढा. रविवारी सहकुटुंब विहारात जा. जनगणनेचा सेवक दारी येईल तेव्हा धर्म विचारताच 'बौद्ध' हे उत्तर आवाज न दबता द्या, आणि ते तसेच लिहिले गेले की नाही हे डोळ्यांनी पाहा.

मुलांना घर ठेवून जाणे चांगले. पण ज्या घराच्या दर्शनी भिंतीवर आपले नाव लावण्याची भीती वाटते, ते घर वारसा नव्हे, लपण्याची जागा आहे.

जय भीम!