दसऱ्याला गाडीला हार घालता, ब्रेक ऑईल केव्हा बदलता?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. वर्षभर जू वाहून खांदा दुखावला असेल याची जाण आपल्या बापजाद्यांना होती. आज बैलांच्या जागी बऱ्याच घरी जीप, पिकअप नाहीतर कार उभी आहे. दसऱ्याला आपण ती धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण बॉनेटखाली ब्रेक ऑईलची जी लहानशी टाकी आहे, तिचे झाकण कोणी उघडून पाहत नाही.

एकोडीत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले आहे : "गाडी थांबते ना जी, मग काऊन बदलवाचं?" मीही अनेक वर्षे हेच म्हणत होतो. महाशिवरात्रीला पचमढीला महादेवाच्या दर्शनाला गेलो. परतताना घाट उतरत होतो, गाडीत घरची पाच माणसे. वळणामागून वळण, पाय सारखा ब्रेकवर. आधी जळका वास आला, मग पेडल एकाएकी पोकळ झाले आणि थेट तळाला टेकले. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला घासून गाडी कशीबशी थांबविली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट ! गावी मिस्त्रीला दाखविले, तर तो म्हणाला, "ब्रेक तर एकदम चांगले आहेत." खरी मेख इथेच आहे. गाडी गार झाली की हा दोष लपतो.

याचे कारण आपल्याला सहज समजण्यासारखे आहे. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो, कारण गूळ हवेतला ओलावा ओढतो. ब्रेक ऑईलचाही गुण तोच. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून ते हळूहळू पाणी पिते. डॉट ३ जातीचे नवे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात शेकडा ३.७ भाग पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. शेकडा पावणेचार म्हणजे किरकोळ, असे म्हणू नका. साखर उताऱ्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तर वार्षिक सभेत आपण किती बोलतो !

उतारावर ब्रेक तापले की ऑईलमधले हे पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. ऑईल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. सगळा जोर त्या बुडबुड्यांतच जिरतो आणि चाक फिरतच राहते. आपल्या सपाट रस्त्यांवर हे वर्षानुवर्षे कळत नाही. कळते ते परक्या घाटात, बायकापोरे गाडीत असताना.

सबब, गाडी थांबते की नाही हे पाहू नये, तारीख पाहावी. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ऑईल बदलणे योग्य. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळी मुदत असेल तर ती पाळावी. रंग काळपट-तपकिरी झाला तर वाट पाहूच नये. पण रंग स्वच्छ दिसला म्हणून पाणी नाही, असेही समजू नये. पाणी मोजण्याचे लहान यंत्र बऱ्याच गॅरेजात असते. टाकीतली पातळी घटली तर नुसते वरून ओतू नका. लायनर झिजले की कुठे गळती आहे, ते आधी पाहा.

बदलण्याची रीत अशी. झाकणावर जो नंबर लिहिला असेल त्याच जातीचा सीलबंद डबा आणावा. मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा वापरू नये, त्यानेही ओलावा ओढलेला असतो. लहान गाडीला साधारण एक लिटर पुरते. टाकीतले जुने ऑईल काढून नवे भरावे. मग एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल सोडून जुने ऑईल नळीने बाटलीत घ्यावे, आणि निपल बंद केल्यावरच पेडल सोडावे. नवे, स्वच्छ, बिनबुडबुड्याचे ऑईल येईपर्यंत हे चालू ठेवावे. बहुधा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. टाकी मध्येच रिकामी होऊ दिली तर हवा शिरते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. ऑईल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. एबीएस असलेली गाडी जाणत्या वर्कशॉपमध्येच न्यावी. हाताला सवय नसेल त्यानेही मिस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण आपण समोर उभे राहावे. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलीलाही हाच नियम लागू आहे.

एक इशारा ट्रॅक्टरवाल्यांना. बऱ्याच ट्रॅक्टरांचे ब्रेक गिअरच्या तेलात बुडालेले असतात, तर काहींना खनिज तेल लागते. तिथे कारचे ब्रेक ऑईल घालू नये, आणि कारमध्ये इंजिन ऑईल तर चुकूनही नको. रबरी सील फुगून ब्रेकच बाद होतात.

संचालक मंडळास कळकळीची विनंती आहे. गळीत हंगामापूर्वी आपण तोड-वाहतुकीची सर्व तयारी करतो. त्याच सुमारास एक दिवस कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सभासदांच्या आणि ऊस वाहतुकीच्या वाहनांची ब्रेक तपासणी ठेवावी. खर्च ज्याचा त्याने द्यावा. कारखान्याने फक्त जाणता मिस्त्री आणि तपासणीचे यंत्र पुरवावे.

आणि आपण सभासदांनी एवढे ठरवावे : दर दुसऱ्या दसऱ्याला आधी ब्रेक ऑईल, मग हार. बदलल्याची तारीख टाकीजवळ चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. बैल थकला तर जागीच बसायचा, आपल्याला कळायचे. गाडी तसे सांगत नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद,
मु. एकोडी, जि. भंडारा