आरोग्यविचार : तरुण वयातील खुब्याचे मोडलेले हाड

खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणाचे दुखणे, असा समज घरोघरी आढळतो. वृद्धांच्या बाबतीत नुसता पाय घसरणेही पुरते. तिशी-चाळिशीत मात्र हे हाड बहुधा वाहनाच्या अपघाताने वा उंचावरून पडल्याने मोडते. आघात मोठा असल्याने मोडीची रेषा पुष्कळदा उभी जाते आणि तुकडे जागचे सरकतात.

या वयात पहिला प्रयत्न असतो तो स्वतःचे हाड वाचविण्याचा. कारण कृत्रिम सांधा काळाने झिजतो आणि पुढे तो बदलावा लागू शकतो. अडचण रक्तपुरवठ्याची असते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या हाडाच्या मानेला लगटून जातात. मान मोडताना त्यांना इजा झाली, तर गोळा निर्जीव होऊन खचू शकतो.

हाड जोडण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत लहान छेदातून बहुधा तीन समांतर स्क्रू बसवितात. दुसरीत एक जाड स्क्रू मांडीच्या हाडावरील प्लेटच्या नळीत सरकता ठेवतात. त्यामुळे भार पडताच तुकडे एकमेकांवर दाबले जातात. पाउवेल्स यांनी १९३५ मध्ये मोडीच्या कोनावरून वर्गवारी मांडली. कोन ५० अंशांहून अधिक असल्यास तुकडे घसरण्याची ओढ वाढते. तेथे अनेक शल्यचिकित्सक प्लेटचा आधार पसंत करतात.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘फेथ’ अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे ११०० रुग्णांची तुलना होती. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण प्लेटच्या गटात २० टक्के, तर स्क्रूंच्या गटात २२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. गोळा निर्जीव होण्याचे प्रमाण मात्र प्लेटच्या गटात ९ आणि स्क्रूंच्या गटात ५ टक्के होते. हे आकडे तरुणांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

म्हणून कुटुंबीयांनी केवळ ‘कोणता स्क्रू?’ एवढेच विचारून थांबू नये. मोडीचा कोन किती, तुकडे किती सरकले आणि ते अचूक जागी बसले का, हे विचारावे. कारण यश मुख्यतः या अचूकतेवर अवलंबून असते. अनुमतीपूर्वी पायावर भार देऊन पेढीवर जाण्याची घाई नको. धूम्रपान टाळावे. वेदना थांबल्या तरी किमान दोन वर्षे तपासणी चालू ठेवावी, कारण गोळ्याची हानी उशिराही प्रकट होते.