अर्धवट दया आणि अर्धवट बंदोबस्त

मांजर मारल्यास सोन्याचे मांजर घडवून दान केल्याखेरीज त्या पातकाचे क्षालन होत नाही, ही समजूत ज्यांनी लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २०१५ साली केलेली घोषणा चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. पाच वर्षांच्या मुदतीत वीस लक्ष मोकाट मांजरे ठार करावयाची, असा तो संकल्प होता. आणि तो जाहीर होताच फ्रान्सच्या विख्यात अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांच्यापासून थेट सामान्य मार्जारप्रेमी गृहस्थांपर्यंत अनेकांनी निषेधाचा सूर काढला. एका पक्षाने दुसऱ्यास निर्दय म्हणावे आणि दुसऱ्याने पहिल्यास भाबडा ठरवावे, या पातळीवर तो वाद आजतागायत रेंगाळत आहे. मला विचाराल तर या प्रकरणात खरा दोष निर्दयतेचाही नाही आणि भाबडेपणाचाही नाही. हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकण्याची जी खोड सरकारांना आणि भूतदयावाद्यांना सारखीच जडलेली आहे, तिचा तो आहे.

ऑस्ट्रेलियाची कैफियत आधी नीट ऐकून घेतली पाहिजे. १७८८ साली इंग्रजांचे पहिले आरमार कैद्यांना घेऊन त्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्याबरोबर मांजरेही उतरली. तत्पूर्वी त्या खंडात मार्जारकुळातील एकही प्राणी नव्हता. आपल्या मुलखातील चिमण्या, होले, खारी आणि ससे रानमांजर, वाघाटी यांच्या सहवासात सहस्रावधी वर्षे वाढले व त्यांच्यापासून जीव वाचविण्याची विद्या पिढ्यानुपिढ्या शिकले. परंतु दबा धरून झडप घालणाऱ्या शत्रूची ओळखच नसलेल्या तिकडच्या लहानशा सस्तन प्राण्यांना हे नवे संकट इतके अनपेक्षित होते की, वीसहून अधिक जाती पृथ्वीवरून नाहीशा होण्यास कोल्ह्याच्या जोडीने मांजर कारणीभूत झाले, असे तेथील शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा आपल्या आळीतील मनी डोळ्यांसमोर ठेवून तिकडच्या लोकांना दयेचा उपदेश करणे जितके अप्रस्तुत, तितकेच तिकडच्या फर्मानाचा दाखला देऊन इथल्या मांजरांवर विषप्रयोगाची मागणी करणेही अप्रस्तुत होय.

तथापि वीस लक्ष हा आकडा मला मुळीच पटत नाही. त्या खंडात मोकाट मांजरे एकंदर किती, याचा भरवशाचा अंदाज त्या वेळी नव्हता; पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणे पर्जन्यमानानुसार ती संख्या एकवीस लक्ष ते त्रेसष्ट लक्ष यांच्या दरम्यान कमीजास्त होते. जिची एकूण रक्कम ठाऊक नाही त्या कर्जाचा किती भाग फेडला हे सांगणारा सावकार जगात कोठे भेटावयाचा? शिवाय मेलेल्या मांजरांच्या संख्येवरून जिवंत राहिलेल्या पाखरांविषयी काहीच निष्पन्न होत नाही. टास्मानियाच्या दक्षिणेकडील अरण्यात संशोधकांनी काही काळ मांजरे पकडून मारून पाहिली, तेव्हा तेथील मांजरे घटण्याऐवजी वाढलेली आढळली. कारण ठाण मांडून बसलेला बोका नाहीसा होताच ती रिकामी हद्द बळकावण्यास शेजारच्या रानातून अनेक उपटसुंभ बोके दाखल झाले. हा अनुभव २०१५ सालीच प्रसिद्ध झालेला असताना त्याच वर्षी सरकारने डोकी मोजण्याची मोहीम पुकारावी, यास काय म्हणावे!

मारावयाचेच असेल तर शेवटचे मांजर संपेपर्यंत मारले पाहिजे आणि ते केवळ जेथे बाहेरून नवे येऊ शकत नाही तेथेच शक्य असते. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील मॅरियन बेटाचे आहे. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरचे, वारा आणि थंडी यांनी झोडपलेले हे बेट दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आल्यावर तेथे हवामानाचे ठाणे बसविण्यात आले. सील मारणाऱ्या जहाजांतून पूर्वीच उतरलेल्या उंदरांचा ठाण्यातील लोकांना उपद्रव होऊ लागला, म्हणून १९४९ च्या सुमारास पाच मांजरे नेऊन सोडली. पाचच. १९७७ पर्यंत त्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती, आणि बिळांत अंडी घालणारे सुमारे साडेचार लक्ष समुद्रपक्षी ती दरसाल फस्त करीत होती. उंदरांकरिता नेमलेल्या या शिपायांना उंदरांपेक्षा पक्षी अधिक सुलभ वाटले, यात त्यांचा बिचाऱ्यांचा काय अपराध? प्रथम मांजरांना होणाऱ्या एका सांसर्गिक रोगाचे विषाणू बेटावर सोडण्यात आले. पाच वर्षांत संख्या सहाशेच्या आसपास उतरली, पण उरलेल्यांत रोगप्रतिकारशक्ती आल्याने तो उपाय थंडावला. मग १९८६ पासून बंदुका आणि विजेऱ्या घेतलेले शिकारी रात्रीमागून रात्री त्या दलदलीत हिंडले, सापळे लावले गेले, विषारी आमिषे ठेवली गेली, आणि १९९१ मध्ये बेट निर्मार्जार झाले.

येथे ही कथा सुखान्त व्हावयास हवी होती. तशी ती झाली नाही. मांजरांचा धाक गेला, हवामान किंचित उबदार झाले, आणि उंदरांनी इतका उच्छाद मांडला की, पुढे ते घरट्यात स्तब्ध बसलेल्या अल्बट्रॉसच्या पिलांना जिवंतपणी कुरतडू लागले. हे प्रथम २००३ साली दृष्टीस पडले. २०२३ मध्ये तर पूर्ण वाढलेले, दहा फूट पंखविस्ताराचे पक्षीही त्यांना बळी पडलेले आढळले. आता संपूर्ण बेटावर हेलिकॉप्टरने विषाचे दाणे टाकण्याची तजवीज चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्याच मॅक्वारी बेटावरही असेच घडले. २००० मध्ये तेथील अखेरचे मांजर मारले गेले, सशांची संख्या लाखावर पोहोचली, आणि गवताचे मूळही न राहिल्याने डोंगरउतार ढासळून पेंग्विनच्या वसाहतीवर दरड आली. सशांवर सोडलेल्या रोगाची धार त्याच सुमारास बोथट झाली होती, म्हणून दोष किती कोणाचा याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण ससे, उंदीर व घुशी या सर्वांचा एकत्र निकाल लावल्यावरच २०१४ साली ते बेट उपद्रवमुक्त झाले, याविषयी मतभेद नाही. मांजरांची ती हत्या अन्याय्य होती असे मी म्हणत नाही. तिच्यावाचून ते पक्षी उरलेच नसते. परंतु मांजर काढल्यानंतर त्याच्या जागी काय येईल याचा विचार ज्या मसलतीत झालेला नसतो, तिच्यामुळे मांजराचाही जीव जातो आणि पक्ष्याचाही राहत नाही.

खंडाच्या भूमीवर बेटाची सोय नसते, म्हणून ऑस्ट्रेलियात आता कुंपण घालून बेटे निर्माण केली जात आहेत. मध्यभागातील न्यूहेवन येथे चव्वेचाळीस किलोमीटर लांबीचे मार्जाररोधक कुंपण २०१८ साली पुरे होऊन त्याच्या आत नव्वद चौरस किलोमीटरांहून अधिक मुलूख सुरक्षित झाला. मला स्वतःला मात्र याहून अधिक आदर पश्चिमेकडील वाळवंटातील किविर्कुरा येथील मूलनिवासी शिकाऱ्यांविषयी वाटतो. वाळूतील पावलांचे ठसे वाचीत, पायी माग काढून ते स्त्रीपुरुष मांजर गाठतात व भाजून खातात, आणि त्यांच्या त्या वहिवाटीमुळे बिल्बीसारख्या दुर्मिळ प्राण्याला आसरा मिळतो. या व्यवहारात दांभिकपणाला जागाच नाही.

उलट पक्षाचा उपाय म्हणजे पकडावे, निर्बीज करावे आणि जेथून आणले तेथे सोडावे. शहरांच्या बाबतीत मी या उपायाचा निःशंक समर्थक आहे. परंतु त्याच्या पुरस्कर्त्यांनीही दोन गोष्टी लपवू नयेत. निर्बीज केलेले मांजर पिले घालीत नाही, पण पाखरे मारावयाचे थांबत नाही. म्हणून पाणथळ, अभयारण्य किंवा बेट यांच्या शेजारी ही दया अस्थानी ठरते. आणि मांजराची मादी सहा महिन्यांची होण्यापूर्वीच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोनतीनदा विते. यामुळे एका वस्तीतील सत्तर टक्क्यांहून अधिक मांजरांवर थोड्या अवधीत शस्त्रक्रिया झाल्या नाहीत, तर उरलेली मांजरे तो सर्व खर्च वर्षा-दोन वर्षांत पाण्यात घालवितात. टास्मानियातील कत्तल जेथे फसली, नेमक्या त्याच ठिकाणी शहरातील शस्त्रक्रियाही फसते.

मुंबईचेच पाहा. येथे मांजर छळून मारणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि महापालिकेने कुत्र्यांच्या पाठोपाठ मांजरांचे निर्बीजीकरणही स्वयंसेवी संस्थांच्या साह्याने हाती घेतले आहे, हे योग्यच झाले. मांजरे आहेत म्हणून उंदीर आटोक्यात राहतात, असे काही रहिवासी सांगतात; पण ज्या शहराला रात्रपाळीचे मूषक संहारक पगार देऊन बाळगावे लागतात, त्या शहराने तरी हा युक्तिवाद करू नये. मासळीबाजार, उपाहारगृहांची मागील दारे आणि उघड्या कचराकुंड्या यांच्या आश्रयाने ही प्रजा वाढते. अशा वेळी आज दादरची चार मांजरे, उद्या मुलुंडची सहा, अशा रीतीने शस्त्रक्रिया करीत जाण्याने वार्षिक अहवालात आकडा भरतो, इतकेच. त्याऐवजी एक प्रभाग घ्यावा, तेथील मांजरे आधी मोजावीत, कचऱ्याचा बंदोबस्त करावा, तो प्रभाग पुरा झाल्याखेरीज दुसऱ्यास हात घालू नये, आणि शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर त्या प्रभागात पुढील वर्षी किती पिले दिसली याचाही हिशेब लोकांपुढे मांडावा.

राहता राहिला तो जिन्याखाली रोज संध्याकाळी दुधाची बशी आणि बोंबलाची डोकी ठेवणारा सहृदय गृहस्थ. त्याला माझी विनंती एवढीच आहे की, ज्या मांजराला आपण घास घालतो, त्याला शस्त्रक्रियेसाठी नेण्याचे कष्टही आपणच घ्यावेत. तेवढी तयारी नसेल तर बशी ठेवू नये.