घोडा, चेतक आणि कलम सतरा

आमच्या आळीत शौर्याची एकच कसोटी आहे. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी दहाला सांगितली की आपण सातला मागायची, तिने नाही म्हटलं की चार पावलं पुढे जायचं आणि तिने हाक मारली की वळून न बघता आठ म्हणायचं. ज्याला हे जमतं तो संसारी माणूस. ज्याला जमत नाही त्याच्या बायकोकडे आळीतल्या बायका करुणेने बघतात. माझ्या बायकोकडे गेली चाळीस-बेचाळीस वर्षं बघताहेत.

वाचकहो, या शौर्याविरुद्ध माझी तक्रार आहे. कोथिंबिरीत लपवण्यासारखं असतं काय? ती उघड्या टोपलीत उघडी पडलेली असते. पिवळी असेल तर पिवळी दिसते. तिथे आम्ही मर्दासारखे भांडतो. आणि ज्या मालाचं पोट पत्र्याने झाकलेलं असतं, ज्याचा पूर्वेतिहास एका माणसाखेरीज कोणालाच ठाऊक नसतो, अशी जुनी गाडी घ्यायला गेलो की आमची वाचा बसते. "बरं, द्या" एवढंच तोंडातून फुटतं. भाव करायचा तर इथे करायचा, आणि इथेच आम्हाला संस्कार आडवे येतात.

माझे मामा खानदेशातले. शेतकरी माणूस. बैल घ्यायला बाजारात जात, तेव्हा लहानपणी मी दोनतीनदा त्यांच्या शेपटाला लागून गेलो आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तोही त्यांच्याबरोबरच पाहिला. जनावर आवडलं की मामा भाव विचारतच नसत. आधी तोंड उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती की जुळलेलं, म्हणजे वयाचा दाखला तिथेच मिळाला. मग पाठीवरून हात फिरवायचा, खूर उचलून बघायचे, चालवून बघायचं, पळवून बघायचं. घोडा असेल तर अंगावरचे भोवरेसुद्धा तपासायचे. आणि सगळं झाल्यावर मालकाच्या डोळ्यांत बघून एकच प्रश्न : "खोड काय आहे, ते सांग."

मग रुमाल. दलाल आणि मामा एकमेकांचा हात धरायचे, वर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून भाव चालायचा. बघणाऱ्याला फक्त उपरणं हलताना दिसे. मला त्यात भारी गंमत वाटे. पुढे कळलं की त्या बाजारात भाव झाकलेला असतो आणि जनावर उघडं असतं. आमच्या शहरी व्यवहारात बरोबर उलट. भाव आम्ही मोठ्याने बोलतो आणि रुमाल जनावरावर टाकतो.

हे ज्ञान मला १९८४ साली, रोख सहा हजार आठशे रुपये मोजून झालं.

त्या काळी स्कूटर विकत घेता येत नसे. तिचं बुकिंग करता येई. आज नंबर लावावा आणि आठदहा वर्षांनी, म्हणजे साधारणपणे डॉक्टरांनी 'आता दुचाकी नको' असं सांगण्याच्या सुमारास, गाडी घरी यावी, अशी व्यवस्था होती. त्यामुळे जुन्या स्कूटरला जो मान होता तो आजच्या तरुणांना सांगून पटणार नाही. नवीकोरी स्कूटर दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरण्याऐवजी चढे. उपवर मुलापेक्षा बुकिंगची पावती जास्त जपून ठेवत.

अशा दिवसांत एका निवृत्त गृहस्थांकडे 'चेतक' विकायची आहे असं कळलं. ही स्कूटर १९७२ साली बाजारात आली आणि तिला नाव दिलं राणा प्रतापच्या घोड्याचं. घोडा घ्यायचा म्हणजे दात बघायला हवेत, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण गृहस्थ इतके सज्जन! गेल्याबरोबर चहा. चहाबरोबर चिवडा. भिंतीवर सत्काराचा फोटो. "मुलासारखी सांभाळली आहे हो," ते म्हणाले. आता एखाद्याच्या मुलाचे दात कसे बघणार? त्यांनी किक मारली, स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. (आम्ही येण्याआधी ती अर्धा तास फिरवून गरम करून ठेवली होती, हे मला मागाहून समजलं.) चालवून बघू का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण चिवड्याचा घास तोंडात असल्यामुळे गिळला गेला.

"किती म्हणता?" मी विचारलं.

"तुम्ही घरचेच. सात द्या."

"थोडं काही…"

"बरं, सहा आठशे. तुमच्या शब्दाला मान."

दोनशे रुपये पाडले म्हणून मी छाती फुगवून निघालो. चौथ्या दिवशी लक्षात आलं की स्कूटर सरळ जात नाही. तिला उजवीकडे जायची ओढ. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की ती आपखुशीने न्यूट्रलला येई. मेकॅनिकने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "साहेब, ही कुठंतरी जोरात धडकलीय. फोर्क वाकलाय." कारखान्याचा यात काडीचा दोष नव्हता. दोष धडकणाऱ्याचा आणि न सांगणाऱ्याचा. मी तडक त्या गृहस्थांकडे गेलो. पुन्हा चहा आला. ते शांतपणे म्हणाले, "पण तुम्ही विचारलंत कुठे?"

रागारागाने आमच्या वकील मित्राकडे गेलो. म्हटलं, ही फसवणूक आहे, खटला भरू. त्याने कपाटातून १८७२ चा भारतीय करार कायदा काढला, कलम सतरा उघडलं आणि मला एका घोड्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट खरोखर कायद्यात छापलेली आहे. अ नावाचा इसम ब नावाच्या इसमाला लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे अ ला ठाऊक आहे. अ काही बोलत नाही. कायदा म्हणतो : ही फसवणूक नव्हे.

"नव्हे?" मी ओरडलो.

"पुढे ऐक. ब ही अ ची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. तर मात्र घोड्याचा दोष सांगणं हे अ चं कर्तव्य ठरतं."

स्वतःच्या मुलीला लिलावात घोडा विकणारा बाप साहेबाच्या देशात कुठे सापडला कोण जाणे. पण तिसरं उदाहरण ऐकून मी सावरून बसलो. ब म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा निर्दोष आहे असं धरून चालेन.' अ गप्प राहतो. आता मात्र ते गप्प राहणं बोलण्यासारखंच!

म्हणजे मामांचा प्रश्न कायद्यात होता. एक वाक्य उच्चारायचं होतं आणि मी चिवडा खात बसलो होतो.

या प्रश्नावर पुढे अमेरिकेत नोबेल पारितोषिक मिळालं, हे कळल्यावर मला मामांबद्दल वाईट वाटलं. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खटारे उरतात. असा साधा मुद्दा. इतका साधा, की काही नियतकालिकांनी तो निबंध साभार परत केला. २००१ साली त्यांना दोघांबरोबर नोबेल मिळालं.

आता माझं म्हणणं सांगतो. रास्त भाव हा घासाघिशीने ठरत नाही. तो खोड कळल्याने ठरतो. 'थोडं कमी करा ना' हे भाव करणं नव्हे, ही याचना झाली. तिला उत्तर म्हणून दोनशे रुपये भिक्षा मिळते आणि घेणारा खूष होऊन घरी जातो. तसली भिक्षा देता यावी म्हणून विकणाऱ्याने आधीच पाचशे चढवून ठेवलेले असतात. भाव करायचा तर कारण देऊन करावा. सकाळी, गाडी थंड असताना जावं. इंजिनाला हात लावून बघावा. स्वतः चालवावी, खड्ड्यातून आणि चढावरून. आपला मेकॅनिक बरोबर न्यावा. टायरांना इतके, क्लचला इतके, असा दुरुस्तीचा आकडा मांडावा, तशाच दुसऱ्या दोन गाड्यांचे भाव विचारून यावे, आणि मग म्हणावं, "चांगल्या गाडीचा भाव एवढा, तुमच्या गाडीचं दुखणं एवढं, बाकी एवढे राहतात." यात कोणाचा अपमान नाही. आणि शेवटी ते वाक्य : "तुम्ही काही बोलला नाहीत, तर गाडी निर्दोष आहे असं मी समजतो."

"इतकं विचारणं बरं दिसतं का? समोरचा चांगल्या घरातला," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. चांगल्या घरातल्या माणसाला या प्रश्नाचं काहीच वाटत नाही, कारण उत्तर त्याच्यापाशी तयार असतं. राग येतो तो ज्याच्या पोटात वाकलेला फोर्क आहे त्याला.

इथे लेख संपवला असता तर मी बराच शहाणा दिसलो असतो. पण १९९७ साली तीच चेतक मी विकली.

फोर्क मी कधीच बदलून घेतला होता. मात्र मागचा ब्रेक पावसात लागत नसे. सवयीने मी चार हात आधीच दाबत असे. घ्यायला एक मुलगा आला, विशीतला. पहाटे पेपर टाकायचा आणि दिवसा कुठल्याशा दुकानात नोकरी. मी चार हजार सांगितले. बायकोने चहा आणला. चहाबरोबर चिवडा. मुलगा बिचारा अवघडून खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने काहीही विचारलं नाही, एक पैसा कमी करा म्हणाला नाही, नोटा मोजून ठेवल्या. आणि कलम सतरा तोंडपाठ असलेला मी गप्प बसलो.

आठवड्याने तो सहीसाठी आला तेव्हा कोपराला पट्टी होती. "पावसात घसरली काका. लागलं नाही फारसं. ब्रेक जरा… तुम्हाला कधी जाणवलं नाही का?"

मी बोललो नाही. ते गप्प राहणं बोलण्यासारखंच होतं. मुलाला कायदा ठाऊक नव्हता, तरी त्याला कळलं. त्याने मान खाली घातली, लाज जणू त्यालाच वाटली. मी चपला घातल्या आणि त्याला घेऊन मेकॅनिककडे गेलो. लायनर नवे, केबल नवी, मजुरी धरून झाले ते पैसे मी दिले. मेकॅनिक म्हणाला, "गाडी विकलीत ना साहेब? मग पैसे तुम्ही का देताय?" याला उत्तर कायद्यात नव्हतं.

हल्ली जुन्या गाड्या मोबाइलवर विकल्या जातात. फोटोत प्रत्येक गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसते. यंत्रं लावून तपासणीचे छापील अहवालही मिळतात, ते जरूर घ्यावेत. पण पावसात ब्रेक कुठे लागत नाही, हे अजूनही रोज चालवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

परवा मुलीने तिची जुनी मोटार विकायला काढली. फोन आला, "बाबा, भाव किती सांगू?"

मी म्हटलं, "आधी खोड सांग. भाव मग बघू."

"आणि त्यांनी विचारलंच नाही तर?"

"तर समज, तुझ्या मुलीलाच विकते आहेस."