सोन्यावर चांदी? नो वे!

स्वतःचा कोट ऑफ आर्म्स बनवायचाय? मग आधी वाईट बातमी ऐका. तुमचे फेव्हरिट पाच-सहा रंग त्यात बसणार नाहीत. दोन बसतील, फार तर तीन. आणि त्यातला एक तरी पिवळा किंवा पांढरा असायलाच हवा. सॉरी, बॉस!

कोट ऑफ आर्म्स म्हणजे ती ढाल हो. युरोपातल्या जुन्या घराण्यांची असते ना, सिंह-बिंह काढलेली, तीच. माझ्या ओळखीतल्याच दोन जोडप्यांनी लग्नपत्रिकेवर स्वतःची ढाल छापली. एकीवर जांभळ्या ढालीत लाल मोर होता. होता म्हणे! पत्रिका हातभर लांब धरली की मोर गायब आणि उरायचा तो एक वांगी रंगाचा डाग.

असा डाग पडू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप सुरू झाला. बाराव्या शतकातल्या युरोपात लढाईला निघालेला सरदार लोखंडी टोपात इतका झाकलेला असायचा, की आपला कोण आणि परका कोण ते कळायची पंचाईत. मग ढालीवर खूण आली. तीच खूण चिलखतावर चढवायच्या कापडी अंगरख्यावरही आली, म्हणून त्या नावात ‘कोट’. ही खूण धुळीतून, घोड्यावरून, लांबून दिसली पाहिजे. इथे सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता.

त्यातून या शास्त्राचा, म्हणजे हेराल्ड्रीचा, सगळ्यात फेमस नियम आला. रंगांचे दोन गट करा. पहिला गट धातूंचा. त्यात सोनं म्हणजे पिवळा आणि चांदी म्हणजे पांढरा. त्यांची फ्रेंच वळणाची नावं ऑर आणि आर्जंट. (आपलं ऑफिसातलं ‘अर्जंट’ वेगळं.) दुसरा गट रंगांचा : लाल गूल्स, निळा अ‍ॅझर, काळा सेबल, हिरवा व्हर्ट आणि जांभळा पर्प्युअर. आता धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. संपलं.

पटत नसेल तर उद्या ऑफिसात प्रयोग करा. पांढऱ्या स्लाइडवर पिवळी अक्षरं टाइप करा आणि प्रोजेक्टर लावा. मागच्या रांगेतले डोळे बारीक करतील. मग निळ्यावर लाल टाका. डोकं दुखेल. आता निळ्यावर पिवळं. झक्कास! आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हे प्रोजेक्टरशिवाय कळलं होतं. आपला तिरंगाही या नियमात छान बसतो. केशरी आणि हिरव्याच्या मध्ये पांढरा आहे आणि निळं चक्र आहे ते त्या पांढऱ्यावर. बांगलादेशाच्या झेंड्यावर मात्र हिरव्यावर लाल गोळा. नियम मोडला!

नियम मोडणारी सगळ्यात गाजलेली ढाल जेरुसलेमच्या राज्याची. चांदीवर सोन्याचे क्रूस. पण जेरुसलेमच ते, त्यांना माफ. तुम्ही-आम्ही त्या भानगडीत पडू नये.

हां, पळवाटा आहेत. ढाल मधोमध दोन रंगांत विभागली तर ते रंग शेजारी-शेजारी मानतात, एकावर एक नाही. केट मिडलटनचं उदाहरण घ्या. २०११ च्या एप्रिलमध्ये, तिच्या लग्नाच्या तोंडावर, लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सने तिच्या वडिलांना कोट ऑफ आर्म्स दिला. (हे कॉलेज शिकायचं नव्हे. १४८४ पासूनचं ढाली मंजूर करणारं ऑफिस आहे.) अर्धी ढाल निळी, अर्धी लाल. त्यावर सोनेरी उलटा ‘व्ही’, कारण आईचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ. त्याच्या दोन बाजूंना बारीक पांढऱ्या पट्ट्या, कारण घरच्यांना बर्फातल्या डोंगरांचं वेड. आणि ओकची तीन सोनेरी फळं, तीन मुलांची. मोजून चार रंग झाले. पण नीट बघा, निळ्या-लालवर जे जे ठेवलंय ते सगळं सोनं नाहीतर चांदी. मेगन मार्कलची २०१८ ची ढाल त्याहून सोपी. कॅलिफोर्नियाच्या समुद्राचा निळा, उन्हाच्या दोन सोनेरी तिरप्या पट्ट्या आणि लेखणीची पांढरी पिसं. मला विचाराल तर दोघींत हीच भारी.

एक लक्षात आलं? गोल्डस्मिथ म्हणून सोनं, समुद्र म्हणून निळा. कुणीही ‘लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा’ असला चार्ट घेऊन बसलं नव्हतं. असे चार्ट ढिगाने मिळतात, पण ते अर्थ बरेचसे नंतरच्या पुस्तकवाल्यांनी चिकटवलेले आहेत. राशीच्या खड्यांसारखंच. रंग आपल्या घरातून यावा.

आपल्याकडे ढाली मंजूर करणारं ऑफिस नाही, त्यामुळे हौस म्हणून घरी काढायला कुणाची ना नाही. फक्त अशोकस्तंभाचे सिंह घेऊ नका. त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे.

तर माझी एक मैत्रीण. चार्टर्ड अकाउंटंट. ठाण्यात वन बीएचके घेतला, स्वतःच्या लोनवर. दारावर नावाच्या पाटीसोबत ढाल हवी म्हणून मला डिझाइन पाठवलं. जांभळी ढाल, त्यात लाल गुलाब, खाली हिरवी पानं. ‘रॉयल वाटतंय ना?’ मी म्हटलं, जांभळा तर मध्ययुगातले सरदारसुद्धा क्वचितच वापरायचे. तुझ्या घरचे रंग कुठले, ते सांग.

बराच वेळ रिप्लाय नाही. मग फोन आला. ‘काळा-पिवळा. पण ते नको.’

तिचे बाबा टॅक्सी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी. त्याच गाडीवर हिची आर्टिकलशिपपर्यंतची सगळी वर्षं निघाली. वीस वर्षांची वयोमर्यादा लागून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा हिच्या ऑफिसात सगळे स्टेटसवर फोटो टाकत होते, ‘मिस यू, काली-पिली’ वगैरे. ही गप्प. नऊ वर्षांत तिथे कुणाला बाबांचं काम सांगितलेलं नाही. ‘ट्रान्सपोर्टमध्ये आहेत,’ एवढंच. आता तेच दारावर लावायचं? उद्या हेच लोक घर बघायला येणार.

मी काही समजूत घालायला गेले नाही. फक्त कागदावर काढून दाखवलं. काळी ढाल. वरचा साधारण एक तृतीयांश भाग पिवळा. हेराल्ड्रीत त्या वरच्या पट्ट्याला चीफ म्हणतात. काळ्यावर सोनं, शंभर टक्के नियमात, रस्त्यापलीकडून दिसेल असं. आणि हुबेहूब टॅक्सी : काळी बॉडी, पिवळं टप.

ती म्हणाली, ‘मध्ये लाल चाक टाकू?’ काळ्यावर लाल म्हणजे रंगावर रंग. चाक चांदीचं केलं. मग झेरॉक्स काढून बघितली. ही टेस्ट प्रत्येकाने करावी. काळ्या-पांढऱ्यात जी ढाल कळत नाही ती रंगातही गडबडतेच. १६३८ मध्ये पेत्रा सान्क्ता नावाच्या जेझुइटाने रंगांसाठी रेघांची पद्धत छापली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं. म्हणजे शाईच्या एकाच रंगात सगळी ढाल वाचता येते.

ऑफिसातल्या लोकांना तिने आधी सांगितलं की ढाल आधी लावली, ते मी विचारलं नाही. पण ती लागली. गेल्या रविवारी बाबा बघायला आले. चष्मा लावून, अगदी जवळ जाऊन बघितली. म्हणाले, ‘हा पिवळा आपला नाही. आपला जरा लिंबाकडे जायचा.’

मी त्यांना सांगितलं, काका, हेराल्ड्रीत शेडला महत्त्व नसतं. आंब्याचा पिवळा असो की लिंबाचा, दोन्ही ऑरच. आकाशी काय आणि नेव्ही ब्लू काय, दोन्ही अ‍ॅझर. कारागिराला हवी ती शेड घेता येते.

काकांनी ऐकून घेतलं. मग मुलीला म्हणाले, ‘पेंटरचा नंबर दे.’